कौसाआत्यांची मूठ

कहाणी संपली की मुठीतले तांदूळ देवीवर टाकायचे, हा श्रावणी शुक्रवारचा रिवाज. त्या शुक्रवारी ओसरीवर बसलेल्या सगळ्या बायकांनी ते टाकले. कौसाआत्यांनी टाकले नाहीत. कहाणी सांगणाऱ्या मथुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडं थांबून पुन्हा पाहिलं. आत्यांची मूठ मांडीवर तशीच मिटलेली होती.

मी हे पुढच्या खोलीतून पाहत होतो. खोली आणि ओसरी यांच्यामध्ये फक्त बांबूचा तट्ट्या होता. त्या गावच्या शाळेत मी दुय्यम मास्तर होतो आणि मथुराबाईंच्या घरी भाड्यानं राहत होतो. पुढे शाळा सोडून वर्तमानपत्रात गेलो आणि उरलेलं आयुष्य इतरांनी आणलेल्या बातम्या तपासण्यात घालवलं. त्या कामात कौसाआत्यांची आठवण झाली नाही असा आठवडा गेला नसेल. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथं आहेत. तलवाड्याच्या उत्तरेला, गंगेच्या काठी, एवढं पुरे. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. राज्य निजामाचं होतं.

कौसाआत्या साठीच्या पुढच्या, उंच, हाडानं रुंद. गावच्याच लेक. लहान वयात नवरा गेल्यावर माहेरी आल्या, आणि भावांनी त्यांना नदीकाठचा जमिनीचा एक तुकडा आणि एक खोली तोडून दिली. त्या अख्ख्या गावाच्या आत्या होत्या. लहानपणी भावांबरोबर गंगा पोहून पार करायच्या असं सांगत. पण लग्नानंतर त्यांना पाण्यात कुणी पाहिलं नव्हतं. हे त्याच आधी सांगत. "आता येतंय का न्हाई, मला बी ठावं न्हाई," म्हणत.

कुणी काही सांगायला आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, "पाह्यलं का आयकलं?" ऐकलं असं उत्तर आलं की त्या पुन्हा भाकरी थापायला लागत. "आयकलेल्या पान्यानं तहान भागत न्हाई," हे त्यांचं दुसरं वाक्य. बाजारात घागर घेताना ती बोटाच्या पेरानं चारी अंगांनी वाजवून पाहायच्या. दोर घ्यायचा झाला तर लिंबाच्या फांदीवर टाकून स्वतः त्याला लोंबकळायच्या. दुकानदार हसायचा, पण पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, हा आत्याबाईनं पारखलेला आहे.

एका हिवाळ्यात ओढ्याला वाघ आल्याची आवई उठली. पोरं शाळेत येईनात. आत्या मला म्हणाल्या, मास्तर, चला. आम्ही ओढ्यात उतरलो. त्यांनी वाकून माग पाहिला, पुढचा पाय, मागचा पाय, आणि "तरस हाय. पोरं धाडा म्हनावं," असं सांगून शेताकडे निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळा भरली. आत्यांनी सांगितलं, एवढंच घराघरांत पुरलं.

दुसऱ्या एका वर्षी वडाखाली एक साधू येऊन बसला. तो वाऱ्यावर जगतो अशी ख्याती होती. आत्या गोधडी घेऊन त्याच्या समोर जाऊन बसल्या. नमस्कार केला, आपली भाकरी आपण खाल्ली, आणि म्हणाल्या, "बाबा, जेवायची याद आली तर सांगा." दुसऱ्या दिवशी साधूनं अर्धी भाकरी मागितली. त्यांनी अख्खी दिली, वर चटणी दिली, आणि गावात एक अक्षर बोलल्या नाहीत. साधूनंच जाताना ते सांगितलं.

अशी बाई व्रतं करायची का? सगळी करायची. कहाण्या त्यांना तोंडपाठ होत्या. मध्येच एखादी शंका विचारायच्या, राजा वनात गेला तेव्हा घोड्याला चारा कुणी घातला, असली. बायका हसायच्या. शेवटी मूठ मात्र उघडायच्या.

त्या शुक्रवारची कहाणी होती दोन जावांची. त्या गावात ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. दोन जावा नावेतून माहेरी निघतात. वादळात नाव फुटते. पाण्यावर देवीचा एक पाट तरंगत येतो. थोरली म्हणते, पाट एकीचा, आयुष्य एकीचं, तुझं लेकरू लहान आहे. ती पाट सोडते. देवी तिला उचलून घेते. धाकटी काठाला लागते, घरी येते, तिचा संसार फळाला येतो.

ही कहाणी त्या वर्षी त्या ओसरीवर नुसती कहाणी राहिली नव्हती. आदल्या भादव्यात गावाची नाव खरोखर उलटली होती. पलीकडच्या काठाला गावाची शेतं होती, आणि खुरपणीला गेलेल्या बायका परत येत होत्या. काठाजवळच्या वाचल्या. मथुराबाईंच्या दोन सुना धारेला लागल्या. नावेतली बसायची फळी दोघींनी धरलेली काठावरच्यांनी पाहिली. मग वळणाआड त्या दिसेनाशा झाल्या. धाकटी, सोना, खाली वाळूच्या बेटाला फळीसकट सापडली. थोरली, गोजर, दोन दिवसांनी सापडली. सोनानं एवढंच सांगितलं, की डोळ्यात पाणी गेलं, डोळे उघडले तर फळीच्या पलीकडे कुणी नव्हतं.

बाकीचं कहाणीनं भरून काढलं. गोजरनं धाकटीसाठी फळी सोडली, हे कुणी ठरवलं नाही. ते आधीच ठरलेलं होतं. मथुराबाईंनी ती फळी धुऊन तुळशीपाशी ठेवली आणि तिला रोज कुंकू लावू लागल्या. आणि सोनाला त्या घरात बसायला पाट मिळेनासा झाला. जेवताना सगळ्यांना पाट मांडले जायचे, सोना जमिनीवर बसायची. भांडण नाही, शिवी नाही. मथुराबाई वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या हिशेबी धाकटी दुसऱ्याचं आयुष्य जगत होती, आणि तिनं ते विसरू नये एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या शुक्रवारी त्यांनी कहाणीच्या शेवटी एक वाक्य जोडलं. धाकटी जन्मभर पुन्हा पाटावर बसली नाही. त्या वेळी सोना दीड वर्षाचं पोर मांडीवर घेऊन खांबापाशी जमिनीवर बसली होती.

आत्यांची मूठ त्या वाक्यावर अडली होती.

"हे शेवटचं आमच्या लहानपनी न्हवतं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच. "अन् पाट सोडायची गरजच काय व्हती? बसायचं कावून त्याच्यावर? धरून ऱ्हायचं. दोघी जगल्या असत्या."

मथुराबाईंनी निरांजन सरळ केलं.

"दोघी जगल्या असत्या?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग आमच्या घरी एकच कशी आली, आत्या?"

आत्यांना काय म्हणायचं होतं ते मला तट्ट्याआडून कळलं होतं. थोरलीनं काही दिलेलं नाही, धाकटी काही देणं लागत नाही. तिला पाटावर बसू द्या. पण वाक्य तोंडातून गेलं होतं आणि ओसरीनं ते उलट्या बाजूनं धरलं. दोघीही जगू शकत होत्या आणि एकच आली, तर दुसरीचा हात कुणीतरी सोडवला असला पाहिजे. सोना उठली आणि पोराला घेऊन आत गेली. आत्या मूठ मिटूनच घरी गेल्या.

आत्याबाई न पाहता बोलत नाहीत, ही गावाची खात्री होती. वाघाच्या वेळी त्या खात्रीचा उपयोग झाला, तसा आताही झाला. पाणवठ्यावर बायका सोनाच्या घागरीपासून आपली घागर दूर ठेवू लागल्या. आठवडा पुरा व्हायच्या आत उमापूरहून गोजरचा भाऊ राणोजी आला. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. बहिणीचं प्रेत त्यानंच उचलून आणलं होतं. त्यानं पोलीस पाटलाला सांगितलं, की वर्षभर मी बहिणीला देवी समजून नारळ वाढवत होतो. आता मला खरं काय ते पाहिजे. गेवराईच्या पोलीस ठाण्यावरून अमीनसाहेबांना बोलवा. फौजदारी नको असेल, तर सोनाला नांदूरघाटला तिच्या माहेरी सोडा आणि पोर इथं ठेवा. मथुराबाईंनी दुसरं मान्य केलं. सोनाचा नवरा विठोबा ओट्यावर खाली मान घालून बसला होता. त्याला कुणी विचारलं नाही.

पोर अजून अंगावर पीत होतं.

त्या संध्याकाळी मी आत्यांकडे गेलो. चूल पेटलेली नव्हती. त्या म्हणाल्या, "मास्तर, मी कहानीतला पाट पाह्यला न्हाई. ती फळी बी पान्यात पाह्यली न्हाई. न पाहताच बोलले." मी निघालो तेव्हा त्या दोराचं वेटोळं काढून त्याचा एकेक पीळ चाचपत होत्या.

दुसऱ्या दिवशी चावडीवर पाटलानं त्यांना बोलावलं. आत्याबाईंचा शब्द पुन्हा पंचांपुढे व्हावा, म्हणजे पुढचं सोपं, असं त्याला वाटत होतं. आत्यांनी शब्द दिला नाही. म्हणाल्या, फळी पाण्यात टाका, मग सांगते. मथुराबाईंनी निरोप पाठवला, की पुजेची वस्तू पाण्यात जाणार नाही. यावर राणोजीच उठला. "जाऊ द्या," तो म्हणाला. "मला बी पाहायचंय."

तिसऱ्या प्रहरी सगळं गाव घाटावर आलं. गंगा श्रावणातली, गढूळ, दोन्ही काठ धरून चाललेली. फळी पुरुषभर लांब, जाड. एका टोकाला खुंटी बसवायचं रुंद भोक होतं, दुसरं टोक सपाट. त्यावरचं कुंकू अजून ओलं होतं.

आधी दोन गडी उतरले. लंगोट लावलेले, पट्टीचे पोहणारे. दोघांनी फळीची दोन टोकं धरली, हनुवटी पाण्यावर ठेवली. फळी दबली, पण बुडाली नाही. धारेनं त्यांना बरंच खाली नेलं आणि ते हसत काठाला लागले. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. राणोजी पाटलाला म्हणाला, "झालं. आता कावून थांबायचं?"

"गोजर काय लंगोट लावून गेलती का?" आत्या म्हणाल्या.

एकदोघे हसले आणि राणोजीकडे पाहून थांबले. आत्यांनी विचारलं, कोण बाई माझ्याबरोबर उतरते? कुणी पुढे आलं नाही. एका गड्याला त्यांनी लुगडं नेसायला सांगितलं. तो म्हणाला, आत्या, जीव मागा, हे मागू नका.

"मी येते," सोना म्हणाली.

ती गर्दीच्या मागे उभी होती. वर्षभर ती नदीवर धुण्यालाही आली नव्हती. मथुराबाई पुढे झाल्या. "लेकरू माझ्यापाशी दे," त्या म्हणाल्या, आणि हात पसरले. सोना त्या हातांकडे पाहत राहिली. मग तिनं पोर नवऱ्याकडे नेलं. विठोबानं ते घेतलं. घाटावर त्या दिवशी त्यानं केलेली ती एकच गोष्ट, पण ती सगळ्यांनी पाहिली.

मोटेचा नाडा दोघींच्या कमरेला बांधला. आत्यांनी गाठ स्वतः मारली आणि दोर धरायला गडी निवडले. त्यांत राणोजीलाही घेतलं. "तू धर," त्या म्हणाल्या. "म्हंजी मागनं आयकायला नगं."

सोनाला त्यांनी विचारलं, त्या दिवशी तुझ्या हातात कुठलं टोक होतं. भोकाचं, सोना म्हणाली; दोन्ही हातांची बोटं त्यात अडकवली होती. आत्यांनी सपाट टोक धरलं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. दोन डोकी आणि मध्ये फळी, दोर हळूहळू सुटत होता. मग लुगडी भिजून भरली. नऊवारी पाण्यात पायांभोवती गुंडाळतं, हे काठावरून दिसत नव्हतं. दिसलं एवढंच, की दोन्ही डोकी खाली जाऊ लागली. सोनाची हनुवटी फळीला टेकली. धार लागली तिथं फळी आडवी झाली. पाण्याचा एक लोट आला आणि सपाट टोक वर उचललं गेलं.

ते खाली आलं तेव्हा त्याच्याशी कुणी नव्हतं.

सोनाच्या तोंडावरून पाणी ओसरलं. तिनं डोळे उघडले, पलीकडे पाहिलं आणि एक हात भोकातून काढून पाण्यात घातला. काठावर कुणीतरी देवाचं नाव घेतलं. "ओढा बे," राणोजी ओरडला, आणि सगळ्यांच्या आधी त्यानंच ओढलं. नाडा ताणला, करकरला, तुटला नाही. दोघी वर आल्या तेव्हा आत्यांचा पदर सोनाच्या मुठीत होता.

आत्या घाटाच्या पायरीवर बराच वेळ नुसत्या खोकत होत्या. पाटील वाकून काही विचारू लागला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग राणोजीला म्हणाल्या, "मी सोडलं न्हाई. मनात बी आलं न्हाई. जीव ओवाळून टाकायला सवड लागती, बाबा. तिथं सवड न्हाई."

"अन् हिनं?" राणोजीनं सोनाकडे न पाहता विचारलं.

"ढकलायला हात मोकळा लागतो. तिचे दोनी हात भोकात व्हते. तू पाह्यलंस."

राणोजी म्हणाला, तुम्ही म्हातारं माणूस, तुमचा हात निसटला. माझी बहीण धडधाकट होती. यावर आत्यांनी उजवा हात त्याच्यापुढे उघडला. तळव्याचं कातडं सोललं होतं. दोन नखं मुळापासून उलटली होती आणि बाकीच्यांच्या आत लाकडाची काळी कुसळं घुसली होती.

राणोजीनं तो हात आपल्या हातात घेतला. तो पायरीवर बसला.

"तिचे बी असेच व्हते," तो म्हणाला.

पाटील म्हणाला, काय? राणोजीनं मान वर केली नाही. प्रेत उचलताना त्यानं गोजरचे हात पाहिले होते. नखं तशी का, असं विचारलं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, मासळीनं टोचलं असेल. त्यानं ते मानलं होतं. त्यानंतर वर्षभर त्यानं जिच्या नावानं नारळ वाढवला, तिनं शेवटपर्यंत फळी सोडली नव्हती. तिला जगायचं होतं. हे त्या दिवशी घाटावर त्याला एकट्यालाच नाही, मथुराबाईंनाही कळलं असावं, कारण त्या एकदम पाठ फिरवून घराकडे चालू लागल्या.

कुणीतरी मागून विचारलं, मग आत्या, दोघी जगल्या असत्या का न्हाई? त्या म्हणाल्या, "दोनी टोकांना भोक असतं तर." आणि हात धुवायला पाणी मागितलं.

अमीनसाहेबांना बोलावणं गेलं नाही. राणोजी त्याच संध्याकाळी उमापूरला परत गेला, कुणाचा निरोप न घेता. पोर सोनाकडेच राहिलं. गोजरचा नवरा त्यानंतर आत्यांशी कधी बोलला नाही. देवी झालेली बायको त्यांनी त्याच्याकडून काढून घेतली, असं त्याचं मत. फळी कुणी परत नेली नाही. ती घाटावरच पडून राहिली, आणि मी गाव सोडलं तेव्हा बायका तिच्यावर धुणं धूत होत्या.

दसऱ्यानंतर माझी बदली झाली. आत्यांचं अखेरचं स्पष्ट चित्र माझ्यापाशी आहे ते त्याआधीचं, श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारचं. कहाणी त्याच ओसरीवर होती. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. उजव्या हाताला हळदीचा जाड लेप होता. तांदूळ वाटले गेले तेव्हा त्यांनी तोच हात पुढे केला.

मथुराबाई सांगू लागल्या. नाव फुटली, पाट आला, दोघींनी धरला. तिथं त्या थांबल्या. बायका वाट पाहत राहिल्या. मथुराबाईंनी कुणाकडेही न पाहता सांगितलं, की थोरलीनं लई धरून ठेवला, पन पानी मोठं व्हतं. अन् धाकटी घरी आली. त्या शेवटच्या वाक्याशी त्या संपल्या. जन्मभराचं काही पुढे आलं नाही.

पाट कुणी मांडला नाही. सोना उठली, भिंतीला टेकवलेला एक तिनं स्वतः घेतला, खांबापाशी ठेवला आणि पोराला घेऊन त्यावर बसली. मथुराबाई निरांजनाची वात पुढे करत होत्या.

तांदूळ पडले. आत्यांनीही मूठ उघडली, पण त्यांचे दाणे खाली पडले नाहीत. ओल्या हळदीत ते रुतून बसले होते. ओसरी रिकामी झाली, बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या, तरी त्या तिथंच होत्या, देवीसमोर वाकलेल्या, डाव्या हाताच्या नखानं तळव्यावरचा एकेक दाणा सोडवून टाकत.